चाळलेली माती

बारीक जाळीची चाळणी, मैद्याची. शहागंजातून आणलेली, अजून कोरी.

*

एक किडनी काढली की राहिलेली थोडी फुगते आणि दोघींचं काम एकटी करू लागते.

*

गच्चीवर पेपर अंथरून ढेकळं वाळत घातलेली. शेजारची मावशी कठड्यावरून विचारते, "वड्या घातल्या का काय, द्वारकाबाई?"

*

गंगापूरच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसलेल्या बाया. "सुनेत सासू बसवली म्हणं तिनं. आता घरात भांडण झालं तर कोण कोणाशी भांडलं म्हणायचं?"

*

छातीचा काळा फोटो. उजव्या बाजूला पांढरे डाग. मोठा डाग मधून पोखरलेला, किडक्या सुपारीसारखा.

*

दसऱ्याला घट उठले. दिवाळीत सायलीला ताप आला.

*

द्वारकाबाईंनी आपली डावी किडनी सुनेला दिली, त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं.

सायलीच्या दोन्ही किडन्या पस्तिशीच्या आतच बसल्या. नवरा सोमनाथ, त्याचा रक्तगट जुळेना. सायलीची आई नाही, वडिलांना साखर. तेव्हा गावाकडून जीपनं सासू आली, दवाखान्याच्या बाकावर पिशवी ठेवली आणि म्हणाली, मह्यं रक्त बघा. जुळलं. सासू-सुनेचं नातं कायद्याच्या जवळच्या नात्यांत बसत नाही, म्हणून समितीपुढं उभं राहावं लागलं. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, बाई, घरातून तुमच्यावर कुणी दबाव आणला का?

"दबाव म्या आणते, सायेब," द्वारकाबाई म्हणाल्या. "मह्यावर कोण आणणार?"

साहेब हसले, पण सही त्यांनी पुन्हा एकदा विचारूनच केली.

तेव्हापासून द्वारकाबाई गावी कमी आणि गारखेड्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये जास्त राहिल्या. त्यांचे मालक सांडूबापू गावाकडं ऊस आणि दोन म्हशी सांभाळत फोनवर कुरकुरत राहिले. द्वारकाबाईंना वेळ नव्हता. दवाखान्यात त्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगितली होती आणि ती त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. दुसऱ्याची किडनी शरीराला परकी वाटते, ते तिला हाकलू बघतं. म्हणून रोज गोळ्या खाऊन शरीराचा पहारा ढिला करून ठेवायचा. पण पहारा ढिला म्हटल्यावर चोरांनाही रान मोकळं. मग पहारा बाहेरून द्यायला पाहिजे.

तो त्यांनी दिला. तुळशीची कुंडी फ्लॅटमधून उचलून खाली फाटकापाशी नेऊन ठेवली. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी बसवली. आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी उकळल्याशिवाय सायलीच्या पेल्यात पडत नसे. पाहुण्यांची चप्पल जिन्यात, हात बेसिनमध्ये, आणि ज्याला शिंक आली त्यानं परत जिन्यात. बिल्डिंगमधली माणसं त्यांना हवालदारीण म्हणत. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत.

सकाळी उठल्या उठल्या त्या विचारायच्या, "मह्यी कशी हाय?"

"तुमची ठणठणीत आहे, आत्या. माझंच डोकं दुखतंय," सायली म्हणायची. सासूला ती आत्या म्हणे.

"डोकं तुझ्या माहेरचं. त्याची जबाबदारी मह्यावर नाय."

असं हसत-खिदळत चाललं होतं.

*

ताप. मग खोकला. मग रात्रीचा घाम, उशी पिळून काढावी असा.

सोमनाथ तिला त्याच दवाखान्यात घेऊन गेला जिथं ऑपरेशन झालं होतं. न्यूमोनिया आहे म्हणाले, शिरेतून औषधं चालू केली. आठवडा गेला, ताप हटला नाही. औषध बदललं. ताप हटला नाही. शेवटी नळी घालून फुप्फुसातलं पाणी काढलं, तपासायला खाली लॅबमध्ये पाठवलं, आणि छातीच्या डॉक्टर मंजुषा मॅडम यांनी घरच्यांना बोलावलं.

मंजुषा मॅडम चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी फोटो उजेडावर धरून ते पोखरलेलं ठिकाण दाखवलं. आपल्याकडं असा फोटो असला की बहुतेक वेळा टीबीच असतो, म्हणाल्या. किडनी बदललेल्या माणसाला तर जास्तच. टीबीच्या गोळ्या सुरू कराव्यात असं त्यांचं मत होतं. अडचण एकच होती. त्या गोळ्यांतली मुख्य गोळी किडनी सांभाळणाऱ्या गोळीला रक्तात टिकू देत नाही. तिच्याऐवजी दुसरी वापरता येते, तरी तोल राखणं अवघड.

सोमनाथ नखं बघत बसला होता. द्वारकाबाईंनी विचारलं, "म्हंजी मह्यी जाईल?"

"जाऊ शकते."

"अन् टीबी नसला तर?"

"तर उगाच जाईल."

"अन् असला, अन् तुम्ही थांबल्या, तर?"

मंजुषा मॅडमनी फोटो खाली ठेवला. "मग सायली जाईल."

द्वारकाबाईंनी मान हलवली. त्यांना असं बोलणं आवडत असे. पुढचं-मागचं काही न लावता सांगितलेलं. त्यांनी मनाशी ठरवलं की या बाईला आपण सोडायचं नाही, आणि सायलीलाही नाही, आणि किडनीलाही नाही. तिन्हीतलं एकही.

*

लॅबच्या डॉक्टर सहसा वॉर्डात येत नाहीत. डॉक्टर विशाखा साळवे आल्या. चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात काही नाही. खाटेशी उभ्या राहून त्यांनी आधी सायलीला तिचं नाव विचारलं, मग मंजुषा मॅडमकडं वळल्या.

त्यांचं म्हणणं असं होतं. टीबीचे जंतू काडीसारखे दिसतात. यांच्या पाण्यात जे दिसतंय ते धागे आहेत, फांद्या फुटलेले, तुटक तुटक रंग धरलेले, बारीक मण्यांच्या माळेसारखे. नेहमीच्या रीतीनं अ‍ॅसिडनं धुतलं तर यांचा रंग निघून जातो, टीबीचा जात नाही. अ‍ॅसिड पातळ करून धुतलं तर थोडा टिकतो. टीबी शोधणारं मशीनही नाही म्हणतंय. त्यांना संशय होता नोकार्डियाचा.

"कोण?" द्वारकाबाईंनी विचारलं. "बाई हाय का बाप्या?"

"जंतू आहे, मावशी. जमिनीत राहतो. तुमच्या-माझ्या नाकातोंडात रोज जात असेल, आपलं शरीर त्याला तिथंच मारून टाकतं."

"अन् पहारा ढिला असला तर?"

विशाखा मॅडमनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "तर तो फुप्फुसात घर करतो. तिथून डोक्यातही जातो. औषध आहे त्याला. पण टीबीचं औषध त्याला चालत नाही."

अडचण इथंही होती. तो जंतू वाढवून दाखवायला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. नेहमीचे जंतू दोन दिवसांत उगवतात, म्हणून दोन दिवसांनी ते वाढवायच्या बशा टाकून देतात. या बशीवर विशाखा मॅडमनी स्वतःच्या हातानं "टाकू नका" लिहून ठेवलं होतं. पण आठवडाभर थांबायला मंजुषा मॅडम तयार नव्हत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. एका काचेवर दिसलेले चार धागे तोंडातल्या साध्या जंतूंचेही असू शकतात. नुसत्या त्यांच्या भरवशावर टीबीचं औषध रोखून धरायचं, तर आणखी काहीतरी हातात पाहिजे.

"मातीचा संबंध आला असला तर," विशाखा मॅडम म्हणाल्या.

"मी भरती करतानाच विचारलंय," मंजुषा मॅडम म्हणाल्या. "नाही म्हणाले."

"परत विचारू."

*

शेतात गेल्या होत्या का?

नाय.

कुंड्या, बाग, खत?

नाय. तुळससुद्धा खाली नेऊन ठेवली म्या.

घरात बांधकाम, तोडफोड?

नाय.

जखम, काटा?

नाय, नाय.

शेजारी पाया खोदत होते का?

नाय म्हणले ना.

प्रश्न सायलीला विचारला जात होता आणि उत्तर द्वारकाबाई देत होत्या. सायलीनं दोनदा ओठ उघडले आणि सासूकडं बघून मिटले.

*

द्वारकाबाईंना राग आला होता. दीड वर्ष ज्या गोष्टीसाठी त्यांनी माणसं जिन्यात उभी केली, त्याच गोष्टीबद्दल या परत परत विचारत होत्या. जणू घरात काही पाप असावं.

"ओ मॅडम, मह्या घरात माती येईलच कशी?" त्या म्हणाल्या. "देवीच्या घटाची माती आणली, तीसुद्धा म्या तशी घरात नाय घेतली. दोन दिस गच्चीवर कडक उन्हात वाळवली. कुटून घेतली. मैद्याच्या चाळणीनं चाळून घेतली, पार पावडर. एक किडा नाय, एक मुळी नाय. इतकी चोख माती अख्ख्या गारखेड्यात कुणाच्या घटाला नसंल."

मंजुषा मॅडमनी मान डोलावली, जशी कुणीही डोलावली असती. घट म्हणजे घट. घरोघरी बसतो.

विशाखा मॅडमनी मान डोलावली नाही. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"आमच्याकडं घट नसतो, मावशी," त्या म्हणाल्या. "मला पहिल्यापासून सांगा."

*

पहिल्यापासून असं.

ऑपरेशनच्या आधी द्वारकाबाई देवीला बोलल्या होत्या की मह्यी हिच्यात रुजली तर घट सुनेच्या घरी बसवीन, सुनेच्या हातानं. पहिल्या नवरात्रात सायलीत बळ नव्हतं. यंदा होतं. सांडूबापूंनी उसाच्या फडाकडेची काळी माती पिशवीत भरून जीपच्या टपावर टाकून पाठवली. द्वारकाबाईंनी पिशवी उघडली आणि लगेच मिटली. शेणखत, मुळ्या, गोम. असली घाण सुनेच्या घरात? गावाकडं तशीच ढेकळं पत्रावळीवर पसरून, वर धान्य टाकून पाणी शिंपडतात. इथं तसं चालणार नव्हतं. इथं माती आधी शुद्ध करायची.

वाळवली. मग देवघराच्या खोलीत, कबुतरं येतील म्हणून खिडकी लावून, सायलीला खलबत्ता दिला. घट तिच्या हातचा, तर कुटायचंही तिनंच. सायलीनं दुपारभर कुटलं, दुपारभर चाळलं. खोलीत उन्हाच्या तिरिपेत काळी धूळ तरंगत होती. दोघी शिंकल्या आणि हसल्या. मग घट मांडला, सात धान्यं पेरली, आणि रोज सकाळी सायलीनं पाणी घालून माळ चढवली. गहू वीतभर झाले.

"चाळताना मास्क होता का?" विशाखा मॅडमनी विचारलं.

"होता," सायली म्हणाली.

इतक्या वेळात ती पहिल्यांदा बोलली होती. आवाज खोकल्यानं फाटलेला. ती छताकडं बघत होती.

*

नव्हता.

खलबत्त्यापाशी बसताना सायलीनं मास्क लावला होता, निळा, दवाखान्यातला. आणि द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, देवीच्या कामाला तोंड बांधून बसतेत का कुणी? काढ ते. सायलीचा हात कानाशी गेला आणि तिथं थोडा थांबला. मग तिनं मास्क काढला, घडी केली आणि मांडीखाली ठेवला.

तो थांबलेला हात द्वारकाबाईंना आत्ता दिसला. त्या दिवशीही दिसला होता, पण बघितला नव्हता.

आणि एक दिसलं की मागचं सगळं दिसायला लागतं. कारलं खा म्हटलं, खाल्लं. मावसबहिणीच्या लग्नाला पैठणला जाऊ नको म्हटलं, गेली नाही. शाळेची नोकरी परत धरू नको, पोरं खोकतात, म्हटलं. मुख्याध्यापकांना तिनं त्याच संध्याकाळी फोन करून येत नाही म्हणून कळवलं. दीड वर्षात या पोरीच्या तोंडून सासूला एकदाही नकार गेला नव्हता, आणि द्वारकाबाई समजत होत्या की सून गुणाची आहे. पोटात ज्या बाईची किडनी, तिला नाही कसं म्हणायचं, हे त्या पोरीचं कोडं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. आता ती मरणाच्या खाटेवर पडून डॉक्टरांशी खोटं बोलत होती. सासूची मान खाली जाऊ नये म्हणून.

गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. सोमनाथला माहीत नव्हतं. देवीला माहीत होतं, पण देवी साक्ष द्यायला येत नाही.

"खोटं बोलू लागली ती," द्वारकाबाई म्हणाल्या. "मास्क नव्हता. तिनं लावला होता, म्या काढायला लावला. खिडकीबी म्याच लावली. लिहून घ्या."

सायलीनं डोळे मिटले.

"आत्या, राहू द्या ना."

"तू गप. सगळ्या गोष्टीला हो म्हणून इथवर आणलंस."

*

दाराबाहेर दोघी डॉक्टर बोलत होत्या, दार पुरतं लागलं नव्हतं. मंजुषा मॅडम म्हणत होत्या, "माझ्याही घरी बसतो गं दरवर्षी. मी स्वतः ढेकळं फोडते. यांनी सांगितलं तेव्हा मला घटच ऐकू आला. माती ऐकूच आली नाही."

विशाखा मॅडम काय म्हणाल्या ते कळलं नाही. पण मंजुषा मॅडम आत आल्या त्या ठरवून आल्या. टीबीचं औषध आज नाही. नोकार्डियाचं औषध आजपासून, एक शिरेतून आणि एक गोळी. गोळीचं नाव ऐकून सायलीनं डोळे उघडले. ही तर ऑपरेशननंतर पहिलं वर्षभर रोज खात होते, म्हणाली. तीच, मंजुषा मॅडम म्हणाल्या, आता मोठ्या मापानं. डोक्याचाही फोटो काढायचा. आणि बशीत काही उगवण्याआधी सायलीची तब्येत ढासळली, तर मी टीबीचं सुरू करणार, तेव्हा अडवायचं नाही.

"नाय अडवणार," द्वारकाबाई म्हणाल्या. मग विशाखा मॅडमना म्हणाल्या, माती अजून आहे. दसऱ्याला घट उठल्यावर तुळशीच्या कुंडीत घातली, खाली फाटकापाशी. पिशवीभर आणून देते, तपासा.

विशाखा मॅडम नको म्हणाल्या. "तो जंतू कोणत्याही मातीत सापडेल, मावशी. तुमच्या वावरातल्या, माझ्या अंगणातल्या. मातीत सापडला म्हणून काही सिद्ध होत नाही. फुप्फुसातलं उगवलं पाहिजे."

"मग चूक कोणाची?"

"ढेकळाची नाही. त्याची धूळ झाली, ती बंद खोलीत उडाली, आणि समोर सायलीताई होत्या."

द्वारकाबाईंना हे उत्तर पुरलं नाही, पण त्या घेऊन बसल्या.

*

फोन.

सांडूबापू म्हणाले, देवीच्या मातीनं कधी कुणाचं वाईट झालंय का? डॉक्टरणी येड्या झाल्या. आपल्या आईनं साठ वर्ष घट बसवला.

"माती वावरातली हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "देवी तिच्यात नऊ दिस बसती. जंतू बारा महिने ऱ्हातेत. आपल्या आईला कुणाची किडनी होती का?"

द्वारकाबाईंच्या पुण्याच्या भाच्यानं सोमनाथला सांगितलं, टीबी असताना थांबणं म्हणजे खेळ आहे, पेशंट इकडं हलवा. सोमनाथ दोन वेळा आईपाशी येऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा म्हणाला, माय, आपण चुकत तर नाही ना?

"चुकत असू," त्या म्हणाल्या. "पण पळून गेल्यानं बरोबर व्हत नाय. बस इथं."

गच्चीवरच्या शेजारच्या मावशीनं फोनवर विचारलं की म्हणे घटानं बाधा झाली. बाधा नाही, धूळ, द्वारकाबाईंनी सांगितलं, आणि तुमच्या नातवाला दमा आहे, त्यालाही कुटायला बसवू नका.

*

डोक्याचा फोटो साफ आला. ताप मात्र होता तिथंच. वर त्या मोठ्या मापाच्या गोळीनं किडनीचा आकडा थोडा चढला. द्वारकाबाईंनी आकडा ऐकला आणि नकळत स्वतःच्या डाव्या कुशीवर, रिकाम्या जागेवर, हात ठेवला. मंजुषा मॅडमनी माप जरा खाली आणलं, सलाईन वाढवलं, आणि थांबल्या. थांबणं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

सकाळी द्वारकाबाई खाली लॅबच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहत.

"उगवलं का?"

"नाही अजून, मावशी."

त्या परत वर येत. उगवायला दिवस लागतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पेरल्यावर रोज उकरून बघणारी माणसं त्यांनी पाहिली होती आणि त्यांना हसल्याही होत्या. आता त्याच उकरून बघत होत्या आणि त्याची त्यांना लाज नव्हती.

मग एका सकाळी विशाखा मॅडम स्वतः खिडकीत आल्या आणि मोबाईलवर फोटो दाखवला. बशीत पांढरे, कोरडे, सुरकुतलेले ठिपके. खडूचा चुरा सांडल्यासारखे. बशीला इतके घट्ट धरून बसलेत की खरवडावे लागतात, म्हणाल्या. धागेही तसेच, फांद्यांचे. नोकार्डियाच आहे, शंका नाही.

"वास येतो का त्याला?" द्वारकाबाईंनी विचारलं. का विचारलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"येतो म्हणतात. ओल्या वावरासारखा." विशाखा मॅडमनी फोन खिशात टाकला. "पण आम्ही घेत नाही, मावशी. नियम आहे."

"चांगला नियम हाय," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि जिना चढून वर गेल्या. लिफ्टची वाट त्यांनी बघितली नाही. मंजुषा मॅडमना बातमी आधीच कळली होती. त्या सायलीच्या खाटेशी उभ्या राहून नर्सला सांगत होत्या की आणून ठेवलेल्या टीबीच्या गोळ्या परत पाठवा. दोन दिवसांनी ताप उतरायला लागला. एकदम नाही. पाय ओढत गेला.

*

घरी आल्यावर.

सायली अजून भिंतीला धरून चालत होती. द्वारकाबाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर खाली बसल्या.

"मास्क काढ म्हणले तवा कामून काढला?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

"माती वाईट हाय, ठावं होतं तुला?"

सायली म्हणाली, "दवाखान्यानं दिलेल्या कागदावर होतं. मी वाचलं होतं."

"मग?"

"तुम्हाला नाही कसं म्हणू, आत्या?"

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. "किडनी दिली म्हंजी जीभ काढून घेतली का तुझी?"

सायली रडेल असं वाटलं. ती हसली, आणि हसता हसता खोकली. खोकला थांबेपर्यंत द्वारकाबाईंनी वाट बघितली आणि मग तिथंच ठरवून टाकलं. त्यांचं ठरवणं नेहमी असंच असे, समोरच्याला न विचारता. सकाळी "मह्यी कशी हाय" विचारणं बंद. त्याऐवजी रोज एक खोड काढायची आणि सायलीनं ती मोडायची. पहिल्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या गाडीवरचा उसाचा रस आणून समोर धरला.

"पी."

"नको, आत्या."

"पाव्हण्यासारखं काय नको नको करू लागलीस? तोंड भरून म्हण."

"नाही पिणार."

"आवाज येऊ दे."

शेजारच्या मावशीनं भिंतीपलीकडून हाक मारली, काय झालं, भांडू लागल्या का? व्हय, द्वारकाबाई म्हणाल्या, शिकवू लागले.

*

मोठ्या मापाची गोळी पुढच्या पितृपक्षापर्यंत चालली. मग लहान माप उरलं, ते कायमचं. फुप्फुसातला डाग आक्रसून एक पांढरी रेघ राहिली. किडनीचा आकडा होता तिथं आला.

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या, यंदा घट गावीच बसवू. तू ये. आत येऊ नको, ओसरीत बस, लांबून हात जोड.

सायली शाळेच्या वह्या तपासत होती. दिवाळीनंतर ती परत रुजू होणार होती आणि सवय म्हणून मैत्रिणीच्या वर्गाच्या वह्या मागून आणत होती. तिनं पेन खाली ठेवलं नाही.

"नाही. मी येणार नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हीही माती कुटायची नाही. चाळायची नाही. तुम्हाला एकच किडनी आहे. बापूंना सांगा, ओली ढेकळं तशीच पसरतील."

"मला शिकवती का?"

"हो."

हे खेळातलं नव्हतं. द्वारकाबाईंना ते लागलं, चांगलंच लागलं. दोन दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत, भांडी जोरात आपटली, सोमनाथपाशी तक्रार केली की हिला आता तोंड फुटलंय. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून गंगापूरच्या जीपमध्ये बसल्या. घटस्थापनेच्या सकाळी त्या ओसरीत बसून राहिल्या आणि सांडूबापूंनी ओली ढेकळं हातानं पत्रावळीवर मांडली, गोम झटकली, वर धान्य टाकलं. गहू वाकडेतिकडे आले, कुठं दाट, कुठं विरळ. द्वारकाबाईंनी फोनवर सायलीला ते दाखवले आणि म्हणाल्या, बघ, तुझ्यापायी देवीचं रान कसं झालंय. सायली म्हणाली, छान झालंय. द्वारकाबाई म्हणाल्या, नाय झालेलं. सायली म्हणाली, झालंय.

*

लग्नाआधी सायलीला बघायला पैठणला गेले होते, तेव्हा मुलगी पसंत नाही असं कळवून टाका, हे द्वारकाबाईंनीच सांगितलं होतं. सोमनाथनं तेव्हा आईला नाही म्हटलं.